फ्रेंडली फायरला मराठीत काय म्हणायचं? (गेममधलं)

अर्धवट जादूगार:
मंडळी, एक शब्द अडलाय. परवा रविवारी हॉलमधल्या टीव्हीवर बाल्डर्स गेट ३ (साथीदारांची टोळी, म्हणजे पार्टी, घेऊन खेळायचा फँटसी गेम) खेळत होतो. आमचे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेत, गेममधलं त्यांना ओ की ठो कळत नाही पण पडद्यावर स्फोट झाला की पेपर खाली करून बघतात, जुनी सवय. तर माझ्या विझर्डने (जादूगाराने) फायरबॉल, म्हणजे फुटणारा आगीचा गोळा, टाकला, चार गॉब्लिन जागच्या जागी गेले आणि त्यांच्यासोबत आमची हीलरपण (जखमा बऱ्या करणारी) आडवी. बाबा म्हणाले, "अरे, ती तुमच्यातलीच ना?" म्हटलं हो, याला फ्रेंडली फायर म्हणतात. तर म्हणे, "यात फ्रेंडली काय आहे, बाई भाजली की."

बरोबरच आहे म्हणा. मराठीत समजावून सांगायला गेलो तर तोंडातून "मैत्रीपूर्ण आग" निघालं आणि मलाच हसू आलं. इंग्रजीत फ्रेंडली म्हणजे मैत्रीचं नाही, आपल्या बाजूचं. आणि फायर म्हणजे आग नाही, गोळीबार. पण गंमत बघा, या गेम्समध्ये बंदुका सहसा नसतात, फायरबॉलमधून जाते ती खरोखर आगच असते, म्हणजे सैन्यातला शब्द इकडे आला आणि अर्धा का होईना शब्दशः खरा झाला.

मला हवाय असा शब्द की आपल्याच पार्टीच्या जादूने किंवा बाणाने आपल्याच माणसाला लागलं, मनात वैर वगैरे काही नसताना. अट एकच, तो सेटिंगच्या मेन्यूत बसला पाहिजे. "अमुक तमुक: चालू / बंद". सुचवा.

खवचट पेठकर:
शब्द आहे की. घरचा आहेर. सत्ताधारी पक्षातल्याच आमदाराने सरकारला झोडपलं की दुसऱ्या दिवशी हीच हेडलाईन असते. मेन्यूत पण बसतोय, "घरचा आहेर: चालू".

अर्धवट जादूगार:
काका, हसलो, पण आहेर देणारा ठरवून पाकीट घेऊन येतो. माझ्या विझर्डने ठरवून नाही केलं.

खवचट पेठकर:
मग तोफ डागताना डोळे कुठे होते त्याचे?

निम्मी लाईट गुरुवारी:
एक बारीक गोष्ट सांगते. मराठीत आपल्याच माणसाने आपल्याला मारण्याचे शब्द ढिगाने आहेत. फितुरी, दगाफटका, घरभेदी, भाऊबंदकी, यादवी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. सगळ्यांत मनात खोट आहे. पुण्यात राहणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको, शनिवारवाड्यावर ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदी पगारी आपलेच होते, पण त्याला कोणी फ्रेंडली फायर म्हणेल का? तो खून. आणि "ध चा मा" ही आख्यायिका म्हणून का होईना पण बघा किती मोजून केलेली गोष्ट आहे, धरावे चं मारावे, एका अक्षराचा कारभार. चूक झाली असं नाटकसुद्धा नाही.
म्हणजे आपल्या भाषेला घरातल्या वैऱ्याची सवय आहे, घरातल्या नेमबाजाची नाही :)

दुपारी एक ते चार बंद:
आप्तघात कसा वाटतो? आत्मघातसारखा ऐकू येतो, चटकन कळतो. आप्त म्हणजे आपले, घात म्हणजे मारणं.

निम्मी लाईट गुरुवारी:
संस्कृतात चाललं असतं दादा, पण मराठीत घात म्हटलं की दगाच डोळ्यासमोर येतो. "त्याने माझा घात केला", विश्वासघात, घातपात. एकटा अपघात त्यातला निरपराध. आप्तघात वाचल्यावर मला तर गुंठेवारीवरून चुलत्याला संपवलं अशी बातमी वाटते.

लांबचा तिरंदाज:
फुटबॉलच्या बातम्यांत स्वयंगोल लिहितात, तसं स्वयंमारा? मित्रमारा? तोफांचा मारा, गोळ्यांचा मारा आहेच आपल्याकडे.

खवचट पेठकर:
स्वयंमारा म्हणजे स्वतःच्या थोबाडीत मारून घेणे. मित्रमारा म्हणजे पाकीटमाराचा धाकटा भाऊ. त्यापेक्षा गोळीबारातला बार घ्या, घरच्यांवर पडला म्हणून घरबार. "घरबार: बंद". बायको खूश.

सहा बाजूंचा फासा:
घरबार हे सगळ्यात भारी आहे 😂 पण एक विनंती, खऱ्या युद्धाच्या बातमीला असले शब्द लावू नका. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, त्यात दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. तिथे पेपरवाल्यांनी सरळ "आपल्याच क्षेपणास्त्राने" असं पूर्ण वाक्य लिहावं हेच बरोबर, शब्द लहान करायची घाई तिथे नको. इथे आपण गॉब्लिनबद्दल बोलतोय ते ठीक.

आता मूळ मुद्द्यावर. माझ्या मते जादूगारभाऊंची व्याख्याच चुकली आहे. "वैर नसताना" इथपर्यंत ठीक, पण "ठरवून नाही केलं" हे जे काकांना उत्तर दिलंय ते या गेम्सना लागू होत नाही. मी १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट कॉलेजात असताना कर्वे रोडवरच्या मित्राच्या खोलीवर खेळलोय, चौघांत एक पीसी, माउस आळीपाळीने. तिथे आपल्या माणसांच्या पायाखाली हिरवं वर्तुळ, शत्रूच्या पायाखाली लाल. स्पेसबार दाबून खेळ थांबवायचा, फायरबॉल कुठे पडणार ते ठरवायचं, पुन्हा स्पेसबार. आता होतं काय की मंत्र म्हणून होईपर्यंत वेळ जातो, गोळा उडत जायला वेळ जातो, आणि तेवढ्यात आपला फायटर (तलवारवाला) एखाद्या पळणाऱ्या कोबोल्डच्या (छोट्या राक्षसाच्या) मागे धावत बरोब्बर मध्यभागी जाऊन उभा. नेम चुकलाच नाही! गोळा जिथे सांगितला तिथेच पडला, माणूस चुकीच्या जागी गेला. यात चूक कोणाची, विझर्डची, फायटरची की माउस ज्याच्या हातात होता त्याची, यावर आमची पहाटे दोनला भांडणं झालीत आणि घरमालक वर आलेत.
लाइटनिंग बोल्ट, म्हणजे विजेचा मंत्र, तर त्याहून डांबिस. भिंतीवर आपटून परत यायचा. अरुंद बोळात टाकला की समोरच्याला एकदा आणि आपल्याला दोनदा.

तर प्रकार दोन आहेत. एक, बाण सोडला आणि भलत्यालाच लागला. दोन, गोळा बरोबर पडला पण त्याच्या घेरात आपला माणूस होता. पार्टी घेऊन खेळायच्या या फँटसी गेम्समध्ये नव्वद टक्के भानगड दुसऱ्या प्रकारची (टक्केवारी माझ्या पोटातली), आणि मराठी शब्द शोधायचा तर त्यासाठी शोधा.

लांबचा तिरंदाज:
पटलं. आणि कित्येकदा माहीत असून टाकतो आपण. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा गेम) पाचव्या आवृत्तीत फायरबॉलचा घेर २० फूट त्रिज्येचा, ८ षट्कोनी फासे टाकून जे येईल ते डॅमेज, चपळाईने वाचला तर निम्मं. आमच्या कोथरूडच्या रविवारच्या टेबलावर हिशोब असा चालतो की बार्बेरियनकडे (आमचा दांडगट लढवय्या) ६० हिटपॉइंट, म्हणजे तेवढा जीव, आहेत, सरासरी २८ लागतील, मरत नाही, टाक. त्याला विचारतसुद्धा नाही कोणी. तो पोहे खात असतो.

निम्मी लाईट गुरुवारी:
षट्कोनी नाही हो, षट्कोन कागदावर असतो. फाशाला सहा बाजू असतात, सहाबाजू फासा म्हणा. (शब्दचर्चा आहे म्हणून बोलले, राग नसावा.)

लांबचा तिरंदाज:
राग कसला ताई, हाच तो घरचा आहेर.

सहा बाजूंचा फासा:
आणि बनवणाऱ्यांनी यावर काय काय तोडगे काढलेत ते बघितले की शब्दाला कुठे कुठे बसावं लागेल ते कळतं. ड्रॅगन एज ओरिजिन्स, २००९. सोप्या लेव्हलला आपल्याला काहीच लागत नाही, नॉर्मलला निम्मं लागतं, हार्डला पूर्ण. दोन वर्षांनी ड्रॅगन एज २ आला तेव्हा फक्त सगळ्यात अवघड नाइटमेअरवर ठेवलं. २०१४ च्या ड्रॅगन एज इन्क्विझिशनमध्ये वेगळं बटणच दिलं, ज्याला हवं त्याने चालू करा. म्हणजे आधी निखाऱ्यावर चालायचा नियम होता, मग शिक्षा झाली, मग आवड झाली. मला हा प्रवास आवडत नाही. बटण दिलं की बंदच राहतं, आणि बंद असलं की विझर्ड म्हणजे नुसता फटाक्यांचा स्टॉल, उभं कुठे राहायचं याचा विचारच संपतो.

पिलर्स ऑफ इटर्निटीने २०१५ मध्ये मस्त डोकं चालवलं. तुमच्या जादूगाराची बुद्धी जास्त असेल तर घेर मोठा होतो, पण तो वाढलेला बाहेरचा कड फक्त शत्रूलाच लागतो. म्हणजे मधल्या गोलात सगळे भाजतात, बाहेरच्या रिंगणात फक्त तिकडचे. मग सगळा खेळ त्या कडेवर. तुमचा फायटर रिंगणात उभा, शत्रू त्याच्या नाकासमोर, आणि गोळा असा टाकायचा की मधला गोल शत्रूच्या पाठीमागे संपेल. पुण्यात रिक्षावाला दोन बसच्या मधून जातो तसं.
बाल्डर्स गेट ३ मध्ये इव्होकेशन (आग-वीज फेकायच्या मंत्रांची) शाखा घ्या, दुसऱ्याच लेव्हलला स्कल्प्ट स्पेल्स मिळतं, त्या शाखेच्या मंत्राने आपल्यांना काही होत नाही. हे घेतलं असतंत तर बाबांनी पेपर खाली ठेवलाच नसता.

अर्धवट जादूगार:
घेतलं नव्हतं. नेक्रोमन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) आहे मी. पण मग बाल्डर्स गेट ३ बनवणाऱ्या लारियनवाल्यांचाच डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ कुठे बसवायचा? २०१७ चा. तिथे जमिनीवर तेल सांडलेलं, त्यावर ठिणगी पडली की सगळं मैदान पेटतं आणि शत्रूचं नि आपलं कोणाचंच वर्तुळ विचारत नाही. आग मी लावली, पण जळाला तो तेलात उभा होता म्हणून.

दुपारी एक ते चार बंद:
दिवाळीचा किल्ला! लहानपणी वाड्यात किल्ला करायचो, वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली हळिवाच्या शेतात शत्रू. भाऊबीज झाली की किल्ला उडवायचा कार्यक्रम, शत्रूच्या छावणीत सुतळी बॉम्ब. सुतळी बॉम्बला मावळा कुठला आणि खान कुठला काय कळतंय. एकदा तोफवाला मावळा शेजारच्या काकूंच्या वरणात सापडला होता. त्याला आम्ही आप्तघात वगैरे काही म्हटलं नाही, मार खाल्ला.

निम्मी लाईट गुरुवारी:
अहो मग म्हण समोरच आहे की, इतका वेळ कोणाला कशी सुचली नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं! यात वैर नाही, फितुरी नाही, नेमही चुकलेला नाही. पेटवायचं होतं सुकंच. ओलं तिथे होतं म्हणून जळलं. फासादादांचा दुसरा प्रकार हुबेहूब हाच. "आपलेच दात, आपलेच ओठ" पण मनात आलं होतं, पण ते चावून झाल्यानंतरचं आहे, तक्रार कोणाकडे करायची या अर्थाचं. ओल्याची म्हण प्रत्यक्ष जळण्याची आहे, आणि आग पण आहे त्यात, बोनस.

खवचट पेठकर:
आणि ज्याला आगीपासून वाचवणारी अंगठी घातलीय तो जास्त ओला. हे इंग्रजीत जमणार नाही.

सहा बाजूंचा फासा:
काका, हे मात्र कमाल बोललात. जुनी युक्ती आहे ती, टँकला (पुढे राहून मार झेलणाऱ्याला) आगीपासून संरक्षण द्यायचं, त्याला गर्दीत घुसवायचं आणि मग त्याच्याच डोक्यावर गोळा. "आधी भिजव, मग पेटव."
फक्त बाण चुकून लागला तर हा शब्द चालणार नाही हे मान्य करू. तिथे सरळ "आपल्यालाच लागला" म्हणावं, काय बिघडतं.

लांबचा तिरंदाज:
आणि बर्फाच्या मंत्राला? ओलं गोठतं?

निम्मी लाईट गुरुवारी:
म्हण झाली की शब्दशः बघायचं नसतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणताना कोणी सुंठ मोजतं का.

अर्धवट जादूगार:
ठरलं मग. मेन्यूत लिहून बघितलं, "ओलं जळणं: चालू / बंद". बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, कारखान्यात ओलं जळालं असतं तर चौकशी लागली असती. मग विचारलं, चालू ठेवलंयस का? म्हटलं हो. परत पेपर वर.

काल रात्री दोघं मित्र ऑनलाईन होते, मी दाराशी गोळा टाकायला कर्सर नेला आणि हेडफोनमधून दोघंही एकदम ओरडले "ओलं! ओलं!" बघतो तर बार्ड (पार्टीतला गाणारा) कडेला उभा. कर्सर दोन बोटं मागे घेतला. दार जळलं, दोन गॉब्लिन वाचले आणि त्यातल्याच एकाने पुढच्या टर्नला बार्डला मारला.