नेटवर्किंगच्या कार्यक्रमांतून व्हिजिटिंग कार्डांपलीकडे काय मिळवता येते?

कोपऱ्यातला:

मी चौदा वर्षे कारखान्यांच्या सुरक्षा विभागात नोकरी केली आणि गेल्या वर्षापासून स्वतंत्रपणे सेफ्टी ऑडिटची कामे घेऊ लागलो. नोकरीत असताना काम आपोआप टेबलावर येत असे. आता ते शोधत जावे लागते, आणि त्यासाठी ‘चार लोकांत मिसळा’ हा सल्ला मला भेटणारा प्रत्येक जण देतो. त्याप्रमाणे गेल्या सहा महिन्यांत मी दोन परिषदांना, एका उद्योजक मेळाव्याला आणि संध्याकाळच्या एका अनौपचारिक परिचय-कार्यक्रमाला गेलो. चारही ठिकाणी मिळून चाळीसच्या वर कार्डे गोळा झाली. त्या सर्वांना मी दुसऱ्या आठवड्यात माझ्या सेवांची माहिती देणारी ईमेल पाठवली. दोघांनी ‘धन्यवाद’ म्हणून कळवले, बाकीच्यांकडून अक्षरही आले नाही.

खरे सांगायचे तर कार्यक्रमातही माझे वागणे फारसे अभिमानास्पद नसते. ओळखीचा चेहरा दिसला की मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो, आणि तासाभराने लक्षात येते की मी जुन्या सहकाऱ्यांशी जुन्याच साहेबांबद्दल बोलत होतो. ओळखीचे कोणी नसेल तर पाण्याचा पेला हातात धरून मोबाइलमध्ये डोके घालतो. असे कार्यक्रम मुळातच बोलघेवड्या माणसांसाठी असतात की त्यांचा उपयोग करून घेण्याची काही रीत आहे, हे अनुभवी मंडळींकडून जाणून घ्यायचे आहे.

तिसरी रांग:

मी गेली अकरा वर्षे एका व्यवसाय-संघटनेच्या वार्षिक परिषदेच्या आयोजनात असतो, त्यामुळे व्यासपीठापेक्षा सभागृहाच्या मागच्या बाजूने हे सारे जास्त पाहिले आहे. तुम्ही जे स्वतःविषयी लिहिले आहे ते बहुतेक सर्वांच्या बाबतीत घडते. पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच एका मेळाव्याला आलेल्या व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कोणाशी किती वेळ बोलतो याची नोंद घेतली होती. नवीन लोकांना भेटायचे आहे असे आधी सांगणारी हीच मंडळी प्रत्यक्षात आपल्या पूर्वीच्या ओळखीच्या लोकांकडेच वळत राहिली. म्हणजे इच्छा असणे पुरेसे नसते, पाय ओळखीच्या दिशेनेच वळतात, आणि ते वळू नयेत याची तजवीज सभागृहात शिरण्याआधी करावी लागते.

तजवीज म्हणजे काय, तर पाहुण्यांची किंवा वक्त्यांची यादी आधी मिळत असेल तर ती वाचून तीन-चार नावे निवडावीत आणि प्रत्येकाला विचारण्यासारखा एक खरा प्रश्न मनाशी ठरवावा. खरा म्हणजे ज्याचे उत्तर आपल्याला माहीत नाही आणि समोरच्याला असण्याची शक्यता आहे, असा. ‘आपल्या कंपनीत सेफ्टी ऑडिटची गरज आहे का?’ हा प्रश्न नव्हे, ती विक्री झाली. ‘कंत्राटी कामगार दर महिन्याला बदलतात तेव्हा तुम्ही त्यांचे सुरक्षा-प्रशिक्षण कसे सांभाळता?’ हा प्रश्न विचारला तर समोरचा माणूस दहा मिनिटे बोलेल, आणि त्या दहा मिनिटांत त्याची अडचण तुम्हाला त्याच्याच शब्दांत कळेल.

दुसरी गोष्ट वेळेची. लोक ऐन गर्दीत येतात आणि मग कोणत्या घोळक्यात शिरावे या विवंचनेत उभे राहतात. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत घोळके बनलेलेच नसतात; जो तो एकटा असतो आणि कोणीतरी बोलावे म्हणून वाटच पाहत असतो. उशीर झालाच तर घोळक्याची ठेवण पाहावी. दोघे जण एकमेकांकडे तोंड करून जवळ उभे असतील तर त्यांचे काहीतरी खासगी चालले आहे असे समजून पुढे जावे. तिघे-चौघे असतील आणि त्यांच्यात एका माणसाची जागा मोकळी दिसत असेल तर तिथे जाऊन आधी ऐकावे आणि मग बोलावे.

आणि स्वतःची ओळख पदनामाने करून देऊ नये. ‘मी सेफ्टी ऑडिटर आहे’ म्हटल्यावर समोरच्याला ‘अच्छा’ यापलीकडे म्हणण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी, ‘वेल्डिंगसारख्या आगीच्या कामासाठी दिलेला परवाना कागदावर बरोबर असूनही प्रत्यक्ष जागेवर कुठे चुकतो, हे मी कारखान्यांना दाखवून देतो’ असे म्हटले तर ज्याच्याकडे कारखाना आहे तो थांबतोच. (आमच्या परिषदेत एक गृहस्थ दरवर्षी आपली ओळख चार मिनिटे करून देतात. ते काय करतात हे मला अजूनही सांगता येणार नाही.)

शेवटी एक आयोजकाच्या स्वार्थाची सूचना: नोंदणीच्या टेबलावर किंवा वक्त्यांच्या व्यवस्थेत मदत करायला तयार असल्याचे आयोजकांना कळवा. ज्याच्या हाती काम असते त्याला कोणाशीही बोलण्यासाठी निमित्त शोधावे लागत नाही.

मोजून मापून:

वरचा प्रतिसाद पटला, तरी मूळ प्रश्नातील एका गृहीतकाला माझा आक्षेप आहे. चार वेगवेगळ्या कार्यक्रमांना एकेकदा जाण्यापेक्षा एकाच वर्तुळातल्या कार्यक्रमाला चार वेळा जाणे कितीतरी फायद्याचे असते, आणि याला आधार आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘दुबळ्या’ ओळखींचे महत्त्व मांडले, हे अनेकांनी ऐकलेले असते. नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळवलेल्या लोकांना त्याने विचारले होते, की ज्या माणसाकडून नोकरीचा सुगावा लागला तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत असे. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्या माणसाकडून माहिती मिळालेले जेमतेम १६.७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळालेले ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून मिळालेले २७.८ टक्के. कारण सरळ आहे: आपल्या रोजच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते, आणि नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

परंतु या आकड्यांवरून ‘ओळख जितकी पातळ तितकी बरी’ असा निष्कर्ष काढून कार्डे गोळा करणारे लोक मधली ओळ वाचत नाहीत. सर्वात मोठा वाटा अधूनमधून भेटणाऱ्यांचा आहे. लिंक्डइनवरील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला जो मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला त्यातही हेच दिसले, की नोकरी बदलण्यास सर्वाधिक मदत मध्यम दुबळ्या संबंधांची होते; अगदी घट्ट किंवा अगदी नाममात्र संबंधांची नव्हे. तुमची चाळीस कार्डे ही नाममात्र ओळखींची रास आहे. तिच्यातल्या पाच जणांना तुम्ही वर्षभरात तीनदा भेटलात तर त्या पाच ओळखी कामाच्या होतील, आणि तीनदा भेट व्हायची तर तुम्ही दोघेही पुन्हा पुन्हा जाता असा कार्यक्रम हवा. म्हणून सर्वसाधारण उद्योजक मेळावा सोडा आणि तुमच्या विषयाला वाहिलेले, शंभरापेक्षा कमी माणसांचे एखादे वर्तुळ धरा.

उंबरठ्याशी:

मी मितभाषी आहे आणि ते बदलण्याचा नाद मी केव्हाच सोडला, त्यामुळे ‘बोलघेवड्यांसाठी असते का’ या तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे वाटते.

मला संभाषण सुरू करण्यापेक्षा ते संपवण्याची धास्ती जास्त वाटत असे. एकदा एका बाईंशी मी पाऊण तास बोलत राहिले, कारण निघावे कसे ते सुचेना. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी हसत सांगितले की त्यांनाही तेव्हा निघायचेच होते. हा प्रकार विरळा नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊशेहून अधिक संभाषणे तपासली गेली आणि दोघांनाही हव्या असलेल्या क्षणी संपलेली संभाषणे त्यांत सुमारे दोन टक्केच निघाली. समोरच्याला केव्हा थांबायचे आहे याचा अंदाज माणसांना येत नाही, आणि आपली इच्छा सभ्यतेपोटी कोणी उघड करत नाही. हे कळल्यापासून मी निरोपाचे वाक्य घरूनच ठरवून नेते: ‘आपण सांगितलेली ती तपासणी-यादीची कल्पना मी लिहून ठेवते, मला अजून एकांना गाठायचे आहे, आपली परवानगी असेल तर मी पुढच्या आठवड्यात फोन करीन.’ यात त्यांच्या बोलण्यातला एक नेमका मुद्दा येतो, निघण्याचे कारण येते आणि पुढच्या भेटीचे दारही उघडे राहते. सहसा समोरचा माणूसही सुटकेचा निःश्वास टाकतो.

दुसरे असे, की घरी परतल्यावर ‘आपण किती बावळट बोललो’ असे जे वाटते त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवून दिले की अनोळखी माणसांचे बोलणे झाल्यावर प्रत्येकाला वाटते त्यापेक्षा तो समोरच्याला अधिक आवडलेला असतो. मी हे वाचले नसते तर निम्म्या लोकांना दुसऱ्यांदा फोनच केला नसता.

एका संध्याकाळी तीन माणसांशी नीट बोलणे झाले की मी निघते.

जुना हिशेब:

सगळ्यांनी कार्यक्रमाच्या आतल्या गोष्टी सांगितल्या. माझ्या मते घोटाळा बाहेर झाला आहे. चाळीस जणांना एकच ईमेल, तीही दुसऱ्या आठवड्यात आणि तीही स्वतःच्या सेवांविषयी! ती वाचणाऱ्याला तुमचा चेहरादेखील आठवला नसेल.

कार्ड हाती आल्यावर दोन मिनिटांत, बाजूला होऊन, त्याच्या मागे तीन गोष्टी लिहाव्यात: कुठे भेटलो, कशाबद्दल बोललो आणि मी काय पाठवीन म्हणालो. तिसरी जागा रिकामी राहत असेल तर संभाषण अर्धवट राहिले असे समजावे, कारण पुढच्या पत्राला निमित्तच उरलेले नसते. पत्र दोन दिवसांच्या आत जावे आणि पाच ओळींपेक्षा मोठे नसावे. नमुना देतो:

‘शनिवारी परिषदेत मध्यंतरात आपण कंत्राटी कामगारांच्या प्रशिक्षणाविषयी बोललो होतो. तुमच्याकडे रात्रपाळीला प्रशिक्षक नसतो ही अडचण तुम्ही सांगितलीत. मी पूर्वी एका ठिकाणी त्यासाठी चित्रांचा एक पानी तक्ता वापरला होता, तो सोबत जोडला आहे. उपयोगी पडला किंवा नाही पडला, दोन्ही कळवले तर मला आवडेल.’

यात मागणे काही नाही. काम मागायची वेळ तिसऱ्या-चौथ्या निरोपात येते, आणि पुष्कळदा ती समोरूनच येते. लिंक्डइनवर जोडणीची विनंती पाठवतानाही दोन शब्द लिहावेत. कोरी विनंती म्हणजे न बोलता हातात कोंबलेले कार्ड.

आता जुन्या सहकाऱ्यांविषयी. त्यांच्याशी गप्पा मारण्यात वेळ गेला म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत आहात, पण मला ती तुमची सर्वात मोठी शिल्लक वाटते. डॅनियल लेविन, होर्हे वॉल्टर आणि किथ मर्निगन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यवस्थापकांना ज्यांच्याशी कित्येक वर्षे संपर्क नव्हता अशा जुन्या परिचितांना गाठून हातातल्या कामाविषयी सल्ला विचारायला लावले होते. त्या निद्रिस्त ओळखींकडून मिळालेला सल्ला उपयुक्तही निघाला आणि नवाही, कारण मधल्या वर्षांत ती माणसे निराळ्या जगात वावरलेली होती आणि विश्वास मात्र जुनाच शाबूत होता. चौदा वर्षांत तुमच्याबरोबर काम केलेले लोक आज किती वेगवेगळ्या कारखान्यांत असतील याचा विचार करा. जुन्या साहेबांचा विषय दहा मिनिटांत आवरून त्यांना एवढेच विचारा: ‘इथे आलेल्यांपैकी मी कोणाशी बोलायला हवे, आणि तुम्ही माझी गाठ घालून द्याल का?’ ‘तिसरी रांग’ यांनी सांगितलेली पाय वळण्याची अडचण मग उरत नाही. ओळखीकडे वळलेले पायच तुम्हाला अनोळखी माणसापर्यंत नेतात.

कोपऱ्यातला:

सर्वांचे मनापासून आभार. आज ती चाळीस कार्डे टेबलावर पसरून पाहिली. त्यांतल्या अकरा माणसांशी काय बोललो हे आठवले. उरलेल्यांचे चेहरेही डोळ्यांपुढे येत नाहीत, तेव्हा ती बाजूला ठेवली. अकरांपैकी चौघांना पाठवण्यासारखे माझ्याकडे खरोखर काहीतरी आहे, त्यांना आज स्वतंत्रपणे लिहीत आहे. ‘मोजून मापून’ यांच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या उद्योजक मेळाव्याला जाणे रद्द केले असून त्याऐवजी अग्निसुरक्षेवरील एका लहानशा मासिक सभेचे वर्षभराचे सभासदत्व घेणार आहे. एकच शंका उरते: उशीर झालेला असताना, म्हणजे भेट होऊन चार महिने लोटलेले असताना, त्या चौघांना उशिराबद्दल क्षमा मागावी की सरळ मुद्द्यावर यावे?

जुना हिशेब:

एका वाक्यात कबूल करा आणि पुढे चला. ‘हे तेव्हाच पाठवायला हवे होते’ एवढे पुरे. क्षमायाचनेचा परिच्छेद लिहिलात तर तिला उत्तर देण्याचे ओझे त्यांच्यावर येते.