ग्वाल्हेर : दोन दिवसांत गाणं आणि किल्ला कसा बसवायचा?

कानसेन
डिसेंबरात ग्वाल्हेरला शनिवार-रविवार असे पुरते दोन दिवस मिळताहेत. २०२३ मध्ये युनेस्कोनं या गावाला 'संगीताचं शहर' म्हणून यादीत घेतलं. किल्ला बघणारच, पण गाण्याशी संबंधित नेमकं काय बघता-ऐकता येतं? बरोबर आई आहे, तिचे गुडघे दुखतात. किल्ल्यावर गाडी जाते का? मुरैनाकडची देवळं त्याच दोन दिवसांत जमतील? पुण्याहून रेल्वेनं येतोय.

गोपाचल
गाडी जाते, पण पश्चिमेच्या उरवाई दरवाज्यानं. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती आहेत, तिथे पाच-दहा मिनिटं थांबा. पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा फक्त चालणाऱ्यांसाठी आहे आणि खरा किल्ला त्याच बाजूनं कळतो. त्यामुळे आईंना गाडीनं वर पाठवा, तुम्ही पूर्वेकडून चढा आणि वरच्या मानमंदिरापाशी, म्हणजे राजा मानसिंग तोमरांच्या महालापाशी भेटा. सकाळीच चढा. मानमंदिराच्या पूर्वेच्या भिंतीवर तेव्हा ऊन असतं आणि निळ्या फरशा, पिवळी बदकं खालूनच दिसू लागतात. दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते.

पायथ्याला गुजरी महालातलं संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका (दगडात कोरलेली सुंदर स्त्रीमूर्ती) तिथेच आहे. मूर्ती लहान आहे आणि बंदोबस्तात ठेवलेली असते, दिसली नाही तर कर्मचाऱ्यांना विचारा.

चढावर मध्येच एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. बहुतेक जण धापा टाकत त्याच्यावरून पुढे निघून जातात. आतल्या भिंतीवर इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन दिली आणि देवाला रोज ५० हार, अशी त्यात नोंद आहे. शून्याच्या अगदी जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच, फक्त बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक. जाळीला कुलूप असलं तर जवळपास पहारेकरी आहे का बघा. आत अंधार असतो, मोबाईलचा उजेड समोरून न टाकता बाजूनं तिरका धरा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात.

वर गेल्यावर गाडी सोडू नका. मानमंदिर, सासबहू (मूळ नाव सहस्रबाहू, इ.स. १०९३) आणि तेली मंदिर यांत बरंच अंतर आहे. मानमंदिराच्या तळघराचा जिना अरुंद आणि उभा, डोकं आपटतं. तिथे आईंना नेऊ नका. जेवायला दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकायला रुमाल लागेल.

तिलवाडा
गाण्याचं सांगतो. सुरुवात गावातल्या हजीरा भागापासून करा. मोठी चौकोनी इमारत आहे ती सूफी संत मुहम्मद गौसांची कबर, तानसेनाची नव्हे. तानसेनाची शेजारी आहे, उघड्या मंडपात, अगदी साधी. रिक्षावाले 'तानसेन का मकबरा' म्हणून मोठीच इमारत दाखवतात आणि लोक तिथेच फोटो काढून परततात. गौसांच्या कबरीच्या दगडी जाळ्या मात्र आत जाऊन बघा. एका जाळीची नक्षी दुसरीसारखी नाही. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेची पानं चावली की गळा सुधारतो म्हणतात. सुधारत नाही, झाड तेवढं बोडकं होतं.

तारखा जुळवता आल्या तर तानसेन समारोह डिसेंबरातच, याच आवारात असतो. प्रवेश फुकट. २०२४ मध्ये शंभरावा झाला. पहिल्या दिवशी सकाळी सनई, मग ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा आणि त्यापाठोपाठ मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण), हा क्रम इतरत्र बघायला मिळणार नाही. संध्याकाळच्या सभा लांबतात. थंडी पायातून चढते, तेव्हा मोजे आणि शाल घ्याच.

लष्कर भागात जिवाजीगंजला सरोद घर आहे, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर. आता तिथे वाद्यांचं संग्रहालय आहे. आधी फोन करून जावं. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९१८ मध्ये निघालेलं माधव संगीत महाविद्यालय आणि गायक कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये काढलेलं शंकर गांधर्व महाविद्यालय, दोन्ही याच गावात.

मराठी माणसानं हे बघायचं कारण साधं आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि मिरजेला त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर. आपल्याकडचा ख्याल बराचसा याच वाटेनं खाली आला. गावात 'महाराज बाडा' ऐकलंत तर दचकू नका, तो आपला वाडाच.

कानसेन
खूप उपयोग झाला. शिंद्यांचा जयविलास राजवाडा आणि मुरैना कसं बसवू? एक जादा दिवस काढून सोमवारवर ढकलू का काही?

चंबळकाठ
सोमवारवर संग्रहालयं ढकलू नका. गुजरी महाल त्या दिवशी बंद असतो, जयविलासचंही आधी विचारून घ्या. शनिवारी सकाळी किल्ला, दुपारी हजीरा. रविवारी पहाटे टॅक्सीनं मुरैनाकडची देवळं, म्हणजे बटेश्वर, पढावली, मितावली. तिन्ही जवळजवळ आहेत, ग्वाल्हेरपासून ३५-४० किलोमीटर, अर्धा दिवस पुरतो. वाटेत खाण्यापिण्याची सोय धरू नका आणि टॅक्सी परतीसह, थांबण्याच्या पैशांसकट ठरवा, तिकडून दुसरी मिळत नाही. बटेश्वरला पडलेल्या दगडांतून पुरातत्त्व खात्यानं एकेक देऊळ पुन्हा उभं केलंय, आईंना तिथे सपाटीवर फिरता येईल. मितावलीला टेकडी चढावी लागते. तिथला गाईड दिल्लीचं जुनं संसद भवन याच गोल देवळावरून बांधलं असं छातीठोक सांगेल. पुरावा नाही.

दुपारी जयविलास (१८७४). दरबार हॉलमधली दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टन, आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी. मराठा दालन २०२२ पासून आहे.

रेल्वेचं एक. पुण्याहून गोवा एक्सप्रेस किंवा झेलम येते. येताना फारसा त्रास नाही. परतीची गाडी उत्तरेकडून धुक्यातून येते आणि काही तास सहज उशीर करते. त्यामुळे परतल्यावर लगेच ऑफिस ठेवू नका.

गजक (तिळाची खुसखुशीत मिठाई) शेवटच्या दिवशी घ्या, तीही गुळाची, ताजी. चांगली असेल तर बोटांनी दाबताच पापुद्रे सुटतात. चिवट लागली तर ओल धरलीय, घेऊ नका. प्रवासात डबा घट्ट बंद ठेवा आणि वरच्या बर्थवर ठेवा, खाली चुरा होतो.