तरोटा म्हणजे तरवड का?

वर्षा: एका पुस्तिकेत ‘तरोटा (तरवड)’ असं छापलंय. नागपुरात आपण पावसाळ्यात भाजी करतो, तोच का हा तरवड?

दिनकर: नाही ताई, कंसातला शब्द चूक आहे. तरोटा म्हणजे पुण्याकडचा टाकळा, छत्तीसगडातला चरोटा. तरवड हे झुडूप, त्याची साल कातडं कमवायला लागते आणि एका देठावर पानांच्या आठ ते बारा जोड्या असतात. तरोट्याच्या तीनच. पानं टोकाला गोलसर, सांजेला मिटतात. शेंग बारीक, लांब, वाकडी.

सुनंदा: संस्कृत नावं पाहा, उपयोग नावातच आहे. चक्रमर्द: गजकर्णाचं चक्र मोडणारा. दद्रुघ्न: दद्रू घालवणारा. आपण ‘दाद’ म्हणतो, तीच ही दद्रू, म्हणजे गजकर्णच.

वर्षा: लेप पाल्याचा की बियांचा?

सुनंदा: दोन्हींचा करतात, पण जुनी कृती बियांची. दिवाळीच्या सुमारास शेंगा वाळल्या की बी काढायचं. दोन चमचे बी आंबट ताकात रात्रभर भिजवून सकाळी पाट्यावर बारीक वाटायचं. बी फार कडक. भरड राहिलं तर कातडी खरचटते आणि आग होते. आधी मनगटावर ठिपकाभर लावून पाहा. चिघळलेल्या जागी, डोळ्यांजवळ, लहान मुलांना अजिबात नको. खाज थांबली म्हणजे दाद गेली असं नाही. डाग पसरत असेल तर डॉक्टरांकडेच जा.

दिनकर: भाजीसाठी फुलं यायच्या आधीचे कोवळे शेंडेच खुडा. पिवळी फुलं आली की पाला चरबट होतो, वासही उग्र. पाव किलो पाला उकडून पिळला की मूठभर उरतो. पिळलेलं पाणी फेकायचं. भिजवलेली चण्याची डाळ, लसूण, लाल मिरची पुरे. पाला सारक आहे, म्हणून पोट बिघडलेलं असताना नको, गरोदरपणीही नको.

आणि कासविंदा ओळखून ठेवा. फूल तसंच पिवळं, पण पानं टोकदार, जोड्या चार-पाच, शेंग चपटी. त्याचं बी पोटात गेलं तर मुलांच्या जिवावर बेततं.

वर्षा: मग शब्दसूचीत नोंद ‘तरोटा (पुं.) : टाकळा, चक्रमर्द’ अशी करते. सामान्यरूप तरोट्या-, ‘तरोट्याची भाजी’.

सुनंदा: बरोबर. तरवडाला स्वतंत्र नोंद द्या.