शब्दचर्चा: 'ओहम' हे आडनाव आहे का? आणि त्याचा अर्थ काय?

मुलगी दहावीला आहे आणि सध्या घरात ओहमचा नियम चालू आहे. परवा फॅमिली ग्रुपवर भावोजींनी फॉरवर्ड टाकला की विजेच्या रोधाच्या एककाला ओहम नाव आपल्या ॐ वरून दिलंय, जर्मन लोकांनी आपल्या ग्रंथांतून सगळं उचललं वगैरे वगैरे. मी काही बोललो नाही (भावोजी आहेत), पण मुलगी म्हणाली बाबा हे तर माणसाचं आडनाव आहे, पुस्तकात फोटो आहे. मग मला प्रश्न पडला की आडनाव असेल तर त्याला काहीतरी अर्थ असेल ना, आपल्याकडे कुलकर्णी, सुतार, लोहार असतात तसा? आणि जर्मनीत हे आडनाव कॉमन आहे का? पाटलांसारखं गल्लोगल्ली? इथे जर्मन येणारी मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

———

मुलगी बरोबर आहे, भावोजी चूक. गेओर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, बव्हेरियातलं एर्लांगेन गाव. (आता बव्हेरियात, तेव्हा नव्हतं.) वडील कुलपं-किल्ल्या बनवणारे कारागीर, शाळा फारशी नाही पण स्वतः शिकून दोन्ही मुलांना गणित शिकवलं, आणि धाकटा मार्टिन पण पुढे गणिताचा प्रोफेसर झाला. गेओर्गने कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता तारांवर प्रयोग केले आणि १८२७ मध्ये नियमाचं पुस्तक छापलं. एककाला त्याचं नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ साली पक्कं झालं, म्हणजे तो वारल्यावर २७ वर्षांनी.

आता अर्थ. बसा खाली. ओहम म्हणजे मामा.

गंमत करत नाहीये. जुन्या जर्मनमध्ये 'ओहाइम' असा शब्द होता, त्याचा अर्थ आईचा भाऊ. ते बोलता बोलता आखूड झालं आणि ओहम झालं, आपल्याकडे जसं भाऊरावचं भाव्या होतं. नुसता अंकल नाही बरं का, अगदी आपला मामाच. काका वेगळा.

———

म्हणजे ओहमचा नियम म्हणजे मामाचा नियम! आणि मोजतात काय तर रोध. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात मेन्यूपासून मुहूर्तापर्यंत सगळ्याला रोध करणारा कोण असतो ते मी सांगायला नको. बरोबर नाव दिलंय.

———

एक शंका. मी जर्मनची ए-वन ची, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची परीक्षा दिलीय (आणि तिथेच थांबलोय), आम्हाला काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान सगळ्यांना एकच शब्द शिकवला, ओंकेल. आणि आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या टांटे. मी तर तेव्हा वर्गात म्हणालो होतो की ह्या लोकांना नातीच नाहीत. मग काका वेगळा मामा वेगळा हे कुठून आलं?

———

होती ना नाती, चांगली चार होती, घालवली त्यांनी! हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे लांबेल, आधीच सांगतो.

जुन्या जर्मनमध्ये वडलांचा भाऊ म्हणजे 'फेटर', आईचा भाऊ 'ओहाइम', वडलांची बहीण 'बाझे', आईची बहीण 'मूमे'. काका मामा आत्या मावशी, एकदम आपल्यासारखं. त्यातला फेटर तर आपल्या संस्कृत 'पितृव्य' चा सख्खा चुलतभाऊच आहे, दोन्ही एकाच मूळ शब्दाचे. मग हळूहळू घोळ सुरू झाला. मामा भाच्याला पण ओहाइम म्हणायला लागला (आपल्याकडे आजी नातवाला लाडाने 'आजोबा' म्हणते तसं काहीतरी), फेटर काकावरून घसरून चुलतभावावर आला, आणि मग सगळ्याच प्रकारच्या भावांवर, आते मामे मावस काही फरक नाही, तसंच बाझेचं बहिणींच्या बाबतीत. आणि सतराव्या-अठराव्या शतकात फ्रेंचची फॅशन आली, उच्चभ्रू घरात मुलं 'ओंकेल' 'टांटे' म्हणायला लागली, आणि बघता बघता चारीच्या चारी शब्दांचे जुने अर्थ अडगळीत. आज कोणी ओहाइम म्हणालं तर लोकांना वाटतं हा नाटकातले संवाद म्हणतोय.

पण आडनावं त्याच्या बरीच आधी पक्की झाली होती. जर्मन मुलखात आडनाव वंशपरंपरेने चालायला लागलं ते साधारण बाराव्या शतकापासून पुढे, आणि कुठे कुठे सोळाव्यापर्यंत रेंगाळलं. तेव्हा 'ओहम' हा रोजचा चालता शब्द होता. गावात कोणाला सगळे मामा म्हणत असतील त्याच्या पोरांना ते चिकटलं. पुढे शब्द मेला, आडनाव राहिलं.

आता खरी मजा. ओंकेल आणि इंग्रजीतला अंकल, दोन्ही फ्रेंचमार्गे आलेत लॅटिन 'अवुंकुलुस' वरून. लॅटिनमध्ये काकाला वेगळा शब्द होता, 'पत्रूस'. अवुंकुलुस म्हणजे फक्त आईचा भाऊ! म्हणजे मूळ धरलं तर अंकल म्हणजे मामाच. वॉचमन अंकल, दुकानदार अंकल, सोसायटीचे सेक्रेटरी अंकल, सगळे मामा.

———

वॉचमनला आणि कंडक्टरला आपण मराठीत पण मामाच म्हणतो की. आणि ट्रॅफिक पोलिसाला. आणि 'त्याने मला मामा बनवलं' हे वेगळंच. जर्मनमध्ये पण ओहमला असले अर्थ आहेत का?

———

ओहमला नाही, पण फेटरला आहे. वशिलेबाजीला जर्मनमध्ये 'फेटर्नविर्टशाफ्ट' म्हणतात, म्हणजे भावाभावांचा कारभार. मामा त्यात सापडला नाही.

आणि वर एक राहिलं. 'ओहाइम' शब्दाची फोड. पुढचा अर्धा भाग 'हाइम' म्हणजे घर, तोच इंग्रजीतल्या होममध्ये आहे. आधीचा 'ओ' हा आजोबाच्या एका जुन्या शब्दाचा उरलेला तुकडा, आणि लॅटिन अवुंकुलुसमधला 'अव' पण तोच. बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांच्या मते ओहाइम म्हणजे 'आजोबांच्या घरात राहणारा'. आता ह्याला मराठीत एका शब्दात काय म्हणाल? आजोळचा माणूस! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटं तसाच बसलो होतो. मुलगी लग्न होऊन गेली, तिची पोरं सुट्टीत आजोबांच्या घरी आली, तिथे कोण भेटणार, तर तिचा भाऊ. आजोळमध्ये आजा आहे आणि ओहाइममध्ये पण आजा आहे.

———

छान लिहिताय पण एक आक्षेप नोंदवतो. आडनाव मामावरूनच आलं हे इतकं खात्रीने कसं म्हणता? हेसेन प्रांतात ओहम नावाची नदी आहे, लान नदीला मिळते. आपल्याकडे गावावरून नेरळकर, चिपळूणकर होतात तसं नदीवरून का नसेल?

———

आक्षेप मान्य, काका. नदी आहे. तिचं जुनं नाव 'अमाना', काठावरच्या आमेनेबुर्ग ह्या गावाच्या नावात ते अजून दिसतं. त्यात भर म्हणजे तिसरा एक ओहम पण आहे, वाइन मोजायचं जुनं माप, गावोगावी वेगवेगळं पण साधारण १३० ते १६० लिटरच्या मधलं पिंप. तो लॅटिन 'आमा' वरून. म्हणजे मामा, नदी आणि दारूचं पिंप, तिघं तीन दिशांनी येऊन एकाच आवाजावर थांबले.

तरी मी मामावर ठाम आहे, कारण असं की जर्मनमध्ये नात्यांवरून पडलेली आडनावं भरपूर आहेत. फेटर आहे. नेफ आहे, म्हणजे भाचा-पुतण्या. आइडाम म्हणजे जावई. टोख्टरमान म्हणजे पण जावईच, शब्दशः 'मुलीचा नवरा'. श्वागर म्हणजे मेहुणा, आणि तो शब्द आपल्या 'श्वशुर' च्या घराण्यातला. दुसरं म्हणजे ओहम एकटा नाही, त्याची अख्खी भावकी आहे: ओहम्स म्हणजे ओहमचा मुलगा, सॅक्सनीकडचे एमे, आणि एमिशन म्हणजे तर 'छोटा मामा'. ह्या एमिशन आडनावाच्या एका फ्रेंच इंजिनियरने १९२४ मध्ये हेलिकॉप्टर एक किलोमीटर गोल फिरवून परत आणलं होतं. नदीवरून आलेल्या नावाला 'छोटी नदी' 'नदीचा मुलगा' असली पोरं झाली नसती. एखाद्या घराण्याचं नदीवरून असेलही, तेवढं सोडून देतो.

———

मी म्युनिकला असते, नऊ वर्षं झाली, तर कॉमन आहे का ह्याचं उत्तर मी देते कारण मूळ प्रश्न तो होता आणि तुम्ही सगळे आजोळी जाऊन बसलात. अजिबात कॉमन नाही. इथे म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर पावलोपावली, सगळे धंद्यावरून पडलेले, दळणारा, लोहार, शिंपी, कोळी. ओहम मला नऊ वर्षांत एकदा भेटला, तो पण दाराच्या बेलवर. उत्तरेकडे आणि मध्य जर्मनीत जास्त, कारण आखूड 'ओहम' हे रूपच तिकडच्या बोलीतलं. ऱ्हाइन नदीच्या काठच्या बोलींत तर जुनी माणसं मामा-काकाला अजून ओहम म्हणतात. आणि गेओर्गसाहेब कोलोनला मास्तर होते! वर्गातली पोरं मागे काय म्हणत असतील ह्याची मी फक्त कल्पना करते.

कोणतं आडनाव कुठे किती हे इथले लोक कसं काढतात ते पण मजेशीर आहे. आडनावांचा मोठा नकाशासंग्रह आहे तो २००५ सालच्या घरगुती लँडलाइनच्या यादीवरून केलाय. का, तर तेव्हा जवळपास प्रत्येक घरात फोन होता आणि तो घराच्या पत्त्याला बांधलेला, नंतर मोबाइल आले आणि सगळं विस्कटलं. त्यामुळे आडनावं शोधणाऱ्यांसाठी टेलिफोन डिरेक्टरी म्हणजे पंढरी. आपल्याकडच्या जुन्या डिरेक्टऱ्या रद्दीत गेल्या ह्याचं मला आता वाईट वाटतं.

अजून एक, ओहमची कबर इथे म्युनिकच्या जुन्या दक्षिण कब्रस्तानात आहे, १८५४ ची. मी गेलेय. उगाचच नमस्कार केला.

आणि उच्चार! इथे कोणी 'ओहम' म्हणत नाही. 'ह' फक्त आधीचा स्वर लांबवायला लिहितात, बोलायचा नाही. उच्चार सरळ 'ओम'. त्यामुळे भावोजींना थोडे मार्क द्यावेच लागतील, ऐकायला ते ॐ च आहे.

———

अरे देवा, हे भावोजींना सांगू नका कोणी.

———

ताईंचं बरोबर आहे, पण त्यात अजून एक पीळ आहे. 'ह' आज मुका असला तरी तो शोभेचा नाही, ओहाइममध्ये तो खरंच बोलला जायचा, 'हाइम' चा ह. म्हणजे जर्मन माणसाने जो गिळला तो आपण मराठी पाठ्यपुस्तकात 'ओहम' लिहून नकळत परत काढला. स्पेलिंग बघून केलेली चूक, पण चूक होऊन बरोबर गावाला पोचली.

———

आपल्याकडे मामा आडनाव का नाही झालं मग? टोपणनाव म्हणून तर ढीगभर. प्रार्थना समाजातले मामा परमानंद, मुंबईचे महापौर झालेले काका बाप्टिस्टा, पण त्यांची आडनावं परमानंद आणि बाप्टिस्टाच राहिली.

———

मला वाटतं कारण साधं आहे. आपल्याकडे मामा हा पिढीगणिक बदलतो. ज्याला सगळं गाव मामा म्हणतं त्याच्या मुलाला गाव मामा म्हणत नाही, तो त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि आडनाव म्हणून वतन, गाव, हुद्दा असलं काहीतरी आधीच घट्ट बसलेलं असतं. तिकडे आडनावाची जागा रिकामी होती आणि नोंद करणाऱ्या कारकुनाला काहीतरी लिहायचं होतं. हे माझं मत, कोणाकडे चांगलं उत्तर असेल तर टाका.

जाता जाता, इंग्रजीत पण हाच शब्द होता, 'ईम', मामा. तो पण मेला आणि आडनावात उरला, ईम्स. डिझाइनवाले चार्ल्स आणि रे ईम्स, ज्यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला रिपोर्ट लिहून दिला आणि त्यातून अहमदाबादची डिझाइनची संस्था उभी राहिली, ते हेच. त्या रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलंय माहितीये? आपल्या लोट्याचं. मामा घरी आला आणि तांब्याभर पाणी पिऊन खूश होऊन गेला.

———

सगळ्यांचे आभार, मुलीला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न. एक, मग मामी कोण? दुसरा, बोर्डाच्या पेपरात ओम लिहायचं का ओहम?

———

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं: ओहम. पेपर तपासणारे सर ही चर्चा वाचत नसणार, उगाच अर्धा मार्क जायचा.