नववी झालेली मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि दहा आठवडे : इंटरनॅशनल शाळांचे अर्ज

गाठोडं (प्रश्न)

नमस्कार. नवऱ्याची परदेशात बदली झाली आहे, तीन वर्षांसाठी. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. माझ्या हातात होते बारा आठवडे, त्यातले दोन शाळांच्या वेबसाइटवरची हसरी मुलं बघण्यात गेले. उरले दहा.

मुलगी मे महिन्यात पंधराची झाली, नुकतीच नववी संपली. मुलगा आठ वर्षांचा. चार शाळा काढल्या आहेत : एक ब्रिटिश, दोन आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), एक अमेरिकन. दोघं एकाच शाळेत हवीत, दोन दिशांच्या दोन बस मला झेपायच्या नाहीत.

ब्रिटिश शाळा मुलीला 'इयर ११' देतेय. नववी झालेलं पोर एकदम अकरावीत? दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "हो, बरोबर आहे" एवढंच उत्तर.

मुलाचं दुखणं वेगळं. त्याला डिस्लेक्सिया आहे, गेल्या वर्षीचा रिपोर्ट घरात आहे. दीर म्हणतात, "वहिनी, अर्जात लिहू नका. एकदा आत शिरला की बघू." अर्जात तर सरळ रकाना आहे : मुलाला कधी लर्निंग सपोर्ट मिळाला आहे का? हो / नाही. दोन दिवस तिथेच अडकलेय. नवरा म्हणतो, तूच ठरव. (हे 'तूच ठरव' बदलीच्या वेळी कुठे होतं कोण जाणे.)

आणखी काय सुटतंय माझ्या नजरेतून?

तिसरी खेप (उत्तर)

इयर ११ म्हणजे आपली दहावीच. ब्रिटिश मोजणी पाचव्या वर्षापासून सुरू होते, त्यामुळे आकडा एकाने पुढे असतो. ३१ ऑगस्टला मुलाचं वय किती, त्यावर वर्ग ठरतो. तेव्हा कोणी ढकलत नाहीये.

घोळ पुढेच आहे. आयजीसीएसई, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची दहावीची बोर्ड परीक्षा, इयर १० आणि ११ मिळून दोन वर्षांची असते. तुमची मुलगी पोचेल तेव्हा निम्मा अभ्यासक्रम उरकलेला असेल आणि मे-जूनमध्ये परीक्षा. शिवाय विषयांचे पेपर शाळेशाळेत वेगळे निवडलेले असतात. आमच्या थोरल्याला असाच मधून घातला. केमिस्ट्रीत वर्ग कुठल्या धड्यावर आहे हे कळायलाच त्याला पहिली सहामाही लागली. तिला एक वर्ष मागे, इयर १० ला घेतील का विचारा. पण मग तीन वर्षांचं गणित चुकतं, त्यावर खाली येतो.

अमेरिकन शाळेत दहावीत शिरताना एवढी अडचण नाही, मात्र तिथे नववीपासूनचे गुण ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे शेवटच्या एकत्रित गुणपत्रकात, धरतात. नववीची गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह दोन-तीन प्रतींत घेऊन ठेवा.

दोन्ही आयबी शाळांना एकच प्रश्न विचारा : दहावीपर्यंत तुमच्याकडे एमवायपी (आयबीचाच दहावीपर्यंतचा अभ्यासक्रम) आहे की आयजीसीएसई? कित्येक शाळा दहावीपर्यंत आयजीसीएसई आणि मग अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा अशी जोडणी करतात, म्हणजे तीच अडचण पाटी बदलून समोर. एमवायपीचं पाचवं वर्ष, म्हणजे दहावी, असेल तर बाहेरची परीक्षा सक्तीची नाही, पर्सनल प्रोजेक्ट तेवढा करावा लागतो.

आता तीन वर्षं. दहावी, अकरावी, बारावी, छान बसतंय. एक वर्ष मागे घेतली तर बारावी चौथ्या वर्षात जाते. पण बदली दोन वर्षांत आटोपली तर डिप्लोमाच्या मधोमध उठावं लागेल. तीन हायर (वरच्या पातळीचे), तीन स्टँडर्ड (साध्या पातळीचे) असे सहा विषय, आणि नव्या शाळेत नेमके तेच सहा मिळायला नशीब लागतं. आयबी १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालं ते फिरत्या घरांतल्या मुलांसाठीच, पण शेवटची दोन वर्षं फिरायचं नाही ही मेख त्यात आहेच. मुलीची बारावी होईपर्यंत हलवणार नाही, हे कंपनीकडून लेखी घ्या.

उंटावरचा शहाणा (उत्तर)

ताई, मी 'नाही'वर टिक केली होती, म्हणून लिहितोय.

आमच्याकडेही सल्लागार घरातलाच होता. मुलगा इंटरव्ह्यूत गोड बोलला, जागा मिळाली. सहाव्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने बोलावलं. तिने त्याची वही उघडून ठेवली होती. एका ओळीत तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, आणि तिसऱ्याला त्याने पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. शेजारी आमचा अर्ज, माझी टिक समोर. ती रागावली नाही. "तुम्हाला माहीत होतं का?" एवढंच विचारलं.

सपोर्टच्या शिक्षिकेकडची मुलं जूनमध्येच ठरली होती. अर्जाच्या अटींत बारीक अक्षरांत होतं : माहिती दडवल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. त्यांनी रद्द केला नाही, पण ह्या शाळेत त्याचं भागणार नाही असं सांगितलं. वर्षाच्या मध्यात शाळा बदलली. एका टर्मची नोटीस दिली नव्हती म्हणून डिपॉझिटही गेलं. तो नऊ वर्षांचा होता, नव्या देशात दोनदा 'नवा मुलगा' झाला.

पुढे मोठ्या परीक्षांत २५ टक्के जादा वेळ मागायचा असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, शाळेत त्याला रोज तशी सवलत मिळत होती का तेही बघतात. आमच्या फाइलमध्ये ते एक वर्ष कोरं आहे.

रिपोर्ट जोडा. ज्या शाळेला तो नको असेल ती आत्ताच नाही म्हणू दे, विमानात बसायच्या आधी. सपोर्टची फी वेगळी आहे का, आणि ती कंपनी भरणार की तुम्ही, हेही विचारा. कंपनीच्या फीच्या पत्रात बहुधा फक्त 'ट्यूशन', म्हणजे शाळेची मूळ फी, लिहिलेलं असतं. कॅपिटल लेव्ही (शाळेच्या इमारती वगैरेंसाठीचा आकार) आणि बस त्यात येत नाहीत.

खिडकी नंबर तीन (उत्तर)

सहा वर्षं एका इंटरनॅशनल शाळेच्या प्रवेश विभागात होते. वरच्या दादांशी सहमत. रिपोर्ट लपवलेली फाइल आम्हाला पहिल्या महिन्यात कळायची.

तुम्ही विचारलं नाही ते सांगते. सगळ्यात उशीर कशाने होतो? शिक्षकांच्या गोपनीय शिफारस फॉर्मने. तो तुमच्या हातून जात नाही. शाळा शिक्षकांना थेट लिंक पाठवते, तीही शाळेच्या अधिकृत ईमेलवर. घरगुती जीमेल बऱ्याच ठिकाणी चालत नाही. शिक्षक सुट्टीवर, लिंक स्पॅममध्ये, आणि आईबाबा समजतात अर्ज पूर्ण झाला. मुलीसाठी बहुधा इंग्रजी आणि गणित अशा दोघांचे फॉर्म लागतील. शाळेला सुट्टी लागण्याआधी जाऊन भेटा.

चाचण्यांचा बाऊ करू नका. कॅट४ या क्षमता चाचणीत चार भाग असतात, पैकी आकृत्यांचे भाग चांगले आणि शब्दांचा कमी आला तर आम्ही 'इंग्रजी नवीन आहे' असं वाचायचो, 'मूल कच्चं आहे' असं नव्हे. अमेरिकन शाळा बहुधा मॅप ही कॉम्प्युटरवरची चाचणी घेईल. त्यात बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि निम्मे चुकणं ठरलेलंच. हे मुलीला आधी सांगून ठेवा. हुशार मुलं त्या चाचणीतून रडत बाहेर आलेली मी पाहिली आहेत.

आयबी शाळांपैकी एखादी 'कँडिडेट स्कूल' तर नाही ना? तशी शाळा मान्यता मिळेपर्यंत डिप्लोमा शिकवू शकत नाही. आयबीच्या संकेतस्थळावर नाव घालून बघा.

गाठोडं

एक आयबी शाळा कँडिडेट निघाली, तीही माझ्या पहिल्या नंबरची. दुसरीत एमवायपी आहे. ब्रिटिश शाळेचा अर्ज अर्धवट भरला होता, तो सोडून दिला.

मुलाच्या अर्जात 'हो'वर टिक केली आणि रिपोर्टची अकरा पानं जोडली. दिरांना सांगितलेलं नाही. अमेरिकन शाळेचं तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : त्याच्या इयत्तेत सपोर्टची एकच जागा आहे, त्याच्याशी व्हिडिओवर बोलायचंय. आयबीवाले गप्प आहेत.

मुलीच्या गणिताचे सर परवापासून सुट्टीवर जाणार. आज सकाळी स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्यांना स्पॅम उघडायला लावला. लिंक तिथेच होती, नऊ दिवसांपूर्वीची.