मदत हवी आहे : टार्गेट ८ देऊनही जार जावा ८ वर चालत नाही

नमस्कार.

गोरेगावच्या आमच्या कार्यालयात जेडीके १७ (जावा प्रोग्राम बनवण्याचा संच) आहे. माझगावला ग्राहकाच्या गोदामातील सर्व्हर मात्र जावा ८ वर चालतो आणि तो बदलायला ग्राहक तयार नाही. म्हणून मेव्हन या बिल्डच्या साधनात सोर्स आणि टार्गेट हे दोन्ही पर्याय ८ ठेवले. बिल्ड होऊन जार (कंपाइल झालेल्या क्लास फाइलींचा गठ्ठा) तयार झाली, क्लास फाइलची आवृत्तीही अपेक्षेप्रमाणे ५२, म्हणजे जावा ८ ची, निघाली, परंतु वजनकाट्याकडून पहिला संदेश येताच प्रोग्राम ‘नोसचमेथडएरर’ (अशी मेथड नाही) देऊन थांबला. तक्रार जावाच्या बाइटबफर या क्लासच्या ‘फ्लिप’ मेथडविषयी आहे आणि फ्लिप तर जावा ८ मध्येही आहे. बिल्डच्या वेळी बूटस्ट्रॅप क्लासपाथ (जावाच्या मूळ लायब्ररीचा पाथ) दिलेला नसल्याची वॉर्निंग येते. ती आम्ही वर्षभर वाचतच नव्हतो, हे कबूल करतो.

जेडीके ८ मधील आरटी जारचा (जावा ८ च्या मूळ लायब्ररीचा) पाथ द्यावा, की ‘रिलीज’ हा कंपायलरचा पर्याय वापरावा? एक सहकारी अजून जेडीके ८ वरच बिल्ड करतो. शिवाय रिलीज दिल्यास बाहेरच्या जारही तपासल्या जातात का?

प्रतिसाद :

रिलीज ८ वापरावे. सोर्समुळे भाषेचे नियम ठरतात, टार्गेटमुळे क्लास फाइलची आवृत्ती. कंपायलर मेथड शोधतो ती लायब्ररी मात्र १७ चीच राहते. जावा ८ मध्ये बाइटबफरला फ्लिप मिळते ती बफर या मूळ क्लासकडून आणि ती बफरच परत करते. जावा ९ पासून बाइटबफरची स्वतःची फ्लिप आली, जी बाइटबफर परत करते. परतीचा प्रकारही क्लास फाइलमध्ये लिहिला जात असल्याने जावा ८ ला तशी मेथड सापडत नाही. जावापी (क्लास फाइलमधला मजकूर दाखवणारे साधन) चालवून पाहिल्यास हे लगेच दिसेल.

रिलीज हा पर्याय २०१७ मध्ये जावा ९ बरोबर आला. जुन्या आवृत्त्यांच्या मेथडची नोंद जेडीकेच्याच लिब फोल्डरमधील सीटी.सिम फाइलमध्ये असते, त्यामुळे जेडीके ८ वेगळे ठेवावे लागत नाही. आरटी जारनेही काम होते, पण तिचा पाथ प्रत्येक यंत्रावर निराळा असतो आणि ती कटकट मी तरी ओढवून घेणार नाही. जेडीके ८ चा कंपायलर रिलीज ओळखत नाही. सहकाऱ्यासाठी हा पर्याय जेडीके ९ आणि पुढच्या आवृत्त्यांवरच लागू होणाऱ्या मेव्हन प्रोफाइलमध्ये (सेटिंगच्या वेगळ्या गटात) ठेवावा.

बाहेरच्या जारना मात्र यातून संरक्षण नाही. त्यांपैकी एखादी ६१ आवृत्तीची, म्हणजे जावा १७ ची, निघाली, तर तिचा क्लास लोड होताना जावा ८ तो नाकारेल. बदलानंतर एकदा क्लीन करूनच बिल्ड घ्यावे, नाहीतर जुन्याच क्लास फाइली पुन्हा माझगावला जातील.