श्वेत बटूंवरून वय: नुसतं तापमान पुरत नाही
श्वेत बटू म्हणजे इंधन जवळजवळ संपलेल्या ताऱ्याचा हळूहळू थंड होणारा उरलेला गाभा. ‘सर्वांत मंद श्वेत बटूचं तापमान मोजलं की तारकागुच्छाचं वय कळतं’ असं म्हणतात. अर्धंच खरं. त्यातून फक्त थंड होण्याचा काळ मिळतो. मूळ ताऱ्याचं आयुष्य त्यात मिळवावं लागतं. शिवाय एकाच ताऱ्यावर भिस्त नको. कोणत्या तेजस्वितेला किती तारे, हा आलेख काढून मंद टोकाला संख्या कुठे कोसळते ते बघायचं. त्याआधी काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रतिमा जुळवून गुच्छाबरोबर सरकणारेच तारे ठेवायचे. नाहीतर मागच्या अंधुक दीर्घिकाही खुशाल श्वेत बटू म्हणून मोजल्या जातात.

खरी गोम गाभ्यात आहे. स्फटिकीभवनात, म्हणजे थंड होत गाभा गोठून स्फटिक बनताना, सुप्त उष्णता सुटते, ऑक्सिजन खाली बसताना आणखी ऊर्जा मिळते, आणि थंड होणं रेंगाळतं. एनजीसी ६७९१ हा गुच्छ जड मूलद्रव्यांनी समृद्ध, म्हणून तिथे निऑन-२२ चं (निऑनच्या एका जड समस्थानिकाचं) खाली बसणंही धरावं लागतं. २०१० पूर्वी ते न धरल्याने श्वेत बटू ६ अब्ज वर्षं सांगत होते, बाकीचे तारे ८! एम १३ या गोलाकार तारकागुच्छात तर बऱ्याच श्वेत बटूंच्या पृष्ठभागाजवळ हायड्रोजन अजून जळतोय, म्हणजे ते घड्याळही मागे पडतं.